सर्पदंश झाल्यावर काय करू नये

माझ्या एका व्हिडिओनं एका माणसाचा जीव वाचवला, अशी बातमी आमच्या मानोरा तालुक्यात अजून फिरते. ती फिरवण्यात माझा मोठा वाटा आहे, कारण व्हिडिओ मी केला होता आणि तो माणूसही मीच होतो. फिरता फिरता त्या बातमीत मी जरा जास्तच हुशार दिसायला लागलो आहे. म्हणून घडलं तसं लिहून टाकतो.

नोकरीचं सगळं पुराण लावत नाही. बदल्या सगळ्यांच्याच होतात आणि बढती मला मिळाली नाही. मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. शेवटची वर्षं मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर काढली. तांडा म्हणजे बंजारा समाजाची वस्ती. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, मी आणि एक मॅडम, आणि खिचडी शिजवणाऱ्या शेवंतामावशी. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊस तोडायला परमुलखात जायचा आणि आमचा वर्ग ओस पडायचा. उरलेल्या पोरांना शाळेत टिकवायला काहीतरी हवं, म्हणून तांड्यानं वर्गणी करून एक मोठा टीव्ही घेऊन दिला. मावशींनी त्याला जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. रोज सकाळी तो पडदा मी असा काही बाजूला सारायचो की देवळातल्या पुजाऱ्यानं माझ्याकडे शिकवणी लावावी.

टीव्ही आला आणि माझ्या अंगात आलं. मी विज्ञानाचे व्हिडिओ दाखवायला लागलो. आधी इंटरनेटवरचे. ज्वालामुखी, व्हेल मासा, चंद्रावर उतरणारं यान. पोरं डोळे फाडून पाहायची आणि मी मागे बसून पोषण आहाराचा हिशेब लिहायचो. अध्यापन असं आरामात होतं हे आधी कुणी सांगितलं नव्हतं याचा मला रागच आला. मग एक दिवस विचारलं, "ज्वालामुखीतून काय निघते?" एकानं हात वर केला, "जाहिरात निघते, सर." त्या व्हिडिओत दर वेळी तिथेच जाहिरात यायची.

तेव्हा मला या धंद्यातली पहिली गोष्ट कळली. व्हिडिओ दाखवायचा नसतो, थांबवायचा असतो. दोन-तीन मिनिटांचाच घ्यायचा. नेमकं काही घडणार तिथं बोट दाबून थांबवायचा आणि विचारायचं, "आता काय होईल?" पोरं भांडतात, पैजा लावतात, शेजारच्याची गचांडी धरतात. मग पुढं चालू करायचा. आणि संपला की तीच गोष्ट हातानं करून पाहायची. एवढंच शास्त्र. बाकी सगळं लाईनवर अवलंबून. लाईन गेली की खडू-फळा आहेच.

दुसरी गोष्ट कळायला मुगाचे दाणे लागले. बी कसं उगवतं याचा एक सुंदर व्हिडिओ होता. दाणा फुगतो, फुटतो, कोंब वर येतो, दोन पानं उघडतात, सगळं मिनिटाच्या आत. तो पाहून आम्ही फुटक्या कपांत माती भरून मूग लावले. पाणी घातलं आणि पोरं कपांभोवती गोल करून बसली. मधली सुट्टी गेली, खिचडी झाली, तरी हलेनात. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळे दाणे उकरून बाहेर. एक पोरगा दाणा तळहातावर घेऊन आला. "सर, आपलं बी हँग झालं."

ही सगळी शेतकऱ्यांची पोरं. जन्मापासून सोयाबीन उगवताना पाहिलेलं. पण टीव्हीत दाखवलं म्हणजे सरांचं बी वेगळं असेल, असा त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता. मी त्यांना सांगितलं की व्हिडिओ पळवलेला असतो. "मंग तुमी काहून सांगतलं नाही?" मी लगेच दुसऱ्यांदा मूग लावायला घेतले.

त्यानंतर ठरवलं की व्हिडिओ आपणच करायचे. मोबाईल होताच. बांबूच्या तीन काठ्या सुतळीनं बांधून स्टँड केला. टोपल्याखाली कोंबडं कोंडून ठेवायला एका पोराची नेमणूक केली, कारण त्या कोंबड्याला माझा आवाज सुरू झाला की आरवायचं असायचं. आणि मी कॅमेऱ्यापुढं उभा राहिलो. उभा राहिलो की मला काय व्हायचं कोण जाणे, घरी बायकोशी वऱ्हाडीत भांडणारा माणूस एकदम रेडिओवरच्या बातम्या द्यायला लागायचा. "नमस्कार विद्यार्थी मित्रहो! आज आपण बाष्पीभवन ही संकल्पना समजून घेणार आहोत." पहिला व्हिडिओ दाखवला तेव्हा दुसरीतली एक पोरगी बारीक नजरेनं पाहत म्हणाली, "सर, थे टीव्हीतले सर कोन्या गावचे व्हय? तुमच्यावानीच दिसतात." बायकोनंही तो पाहिला आणि म्हणाली, "एवढं गोड कधी घरात बोलून पाहा."

तरी माझं नाव झालं. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षक बैठकीत लोक 'व्हिडिओ मास्तर' म्हणायला लागले. त्यातले निम्मे चिडवत असत, पण मी ते सगळं कौतुकातच जमा केलं.

आता सापाकडे येतो. पावसाळ्यात आमच्याकडे साप निघतो, शेतात निघतो, कुडाच्या घरात निघतो, क्वचित शाळेतही निघतो. चावला की लोक आधी पळतात, मग घट्ट बांधतात, मग ब्लेड शोधतात, मग रस्त्यातल्या बाबाकडे नेतात आणि सगळं संपलं की दवाखान्यात. म्हणून मी व्हिडिओ करायचा ठरवला. त्याचे दोन भाग. पहिला, 'सर्पदंश झाल्यावर काय करू नये'. दुसरा, 'काय करावे'. साप चावलेला माणूस मीच. पहिल्या भागात मला चावतो, मी बोंबलत मैदानभर पळतो, रुमालानं हात आवळतो, "ब्लेड आणा, ब्लेड आणा" ओरडतो, मोटारसायकलला किक मारतो आणि "मला बाबांकडे न्या" म्हणत कोसळतो. दुसऱ्या भागात मी शहाण्यासारखा खाली बसतो, हात हलवत नाही, पोरं हाताला पट्टी बांधतात आणि गाडी सरळ दवाखान्यात जाते.

दुसरा भाग एका दमात झाला. पहिल्याची हौस मात्र पोरांची फिटेना. "सर, अजून एक डाव! तुमी पडले तवा पाय वर नाही गेले!" मीही पुन्हा पुन्हा पडलो. व्हिडिओ तयार झाल्यावर पोरांनी तो इतक्यांदा पाहिला की माझे संवाद माझ्याआधी तेच म्हणायचे. दुसरा भाग लागला की जांभया द्यायची.

आणि मग श्रावणातला तो दिवस. मॅडम प्रशिक्षणाला आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावला गेलेल्या. तांड्यावरची सगळी कामाची माणसं निंदणाला शेतात. मी पोरांना बाहेर ओट्यावर बसवलं आणि टीव्ही लावायला आत गेलो. टीव्हीची वायर टेबलामागं, तांदळाच्या पोत्यांच्या फटीत पडली होती. अंधार होता. मी हात घातला, काळी वायर धरली आणि ओढली. वायर गार लागली. ओढून हातभर बाहेर काढली तेव्हा तिच्यावर पांढरे पट्टे दिसले. आमच्या कीर्तनकारांच्या गोष्टीत माणूस दोरीला साप समजतो आणि अज्ञानी ठरतो. मी सापाला वायर समजलो. माझी पायरी कोणती, ते कीर्तनकारांनाच विचारावं लागेल.

मण्यार होती. बोटाला चावली आणि पोत्यांमागं गेली. दुखलं म्हणावं तर मुंगी चावल्याइतकंही नाही. पण मण्यारीचं विष दुखवत नाही, श्वास थांबवतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मीच व्हिडिओत सांगितलं होतं.

मी बाहेर धावलो आणि मैदानभर बोंबलत पळायला लागलो.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. "सर पुन्हा शूटिंग करून राह्यले!" सगळे धावत येऊन ओळीनं बसले. कोंबड्यावाला पोरगा इमानदारीनं टोपलं घेऊन कोंबड्यामागं पळाला. मी खिशातला रुमाल काढून दातांनी हात आवळला. हशा. "ब्लेड आणा, ब्लेड!" मी ओरडलो, आणि सगळी शाळा माझ्याबरोबर ओरडली, "ब्लेड आणा, ब्लेड!" मी म्हणालो, "अरे, खरंच चावला!" तर एक जण मान डोलवून शेजारच्याला सांगतो, "हा बी डायलॉग हाय."

देवाशप्पथ सांगतो, ते सगळं मी जसंच्या तसं केलं. क्रमसुद्धा चुकला नाही. ज्या माणसानं पोरांना शिकवलं काय करू नये, त्यानं ते सगळं, एकही गोष्ट न गाळता, रांगेनं करून दाखवलं. फरक इतकाच की या वेळी पाय वर गेले. मी पळता पळता चिखलात आपटलो आणि तोंडातून निघालं, "अवं माय वं! मेलो वं माय!"

चौथीतली पूजा उभी राहिली. बारकी, अबोल पोरगी. वर्गात कधी पैजेत पडायची नाही. ती बाकीच्यांना म्हणाली, "चूप बसा रे. टीव्हीतले सर असे नाही बोलत. खरं चावलं."

हसणं थांबलं. मावशी चुलीवरनं पळत आल्या आणि रडायलाच लागल्या. मी उठून मोटारसायकलकडे गेलो. मानोरा काही लांब नाही, दहा-पंधरा मिनिटांत स्वतःच जातो, असा माझा बेत. गाडीवर टांग टाकली, किक मारणार तेवढ्यात पूजानं चाबी काढून घेतली.

"चाबी दे!"

"नाही देत."

"पूजा, चाबी दे म्हणतो ना!"

"खाली बसा, सर. हलू नका."

"तुले नापास करीन!"

चौथीत कुणी नापास होत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं चाबी फ्रॉकच्या खिशात टाकली, माझा शर्ट मागून धरला आणि खाली ओढायला लागली. तेवढ्यात आणखी दोघी-तिघी आल्या आणि माझी दुसरी बाही धरली. मी बसलो. बसलो म्हणजे बसवला गेलो. तिनं माझा रुमाल सोडला. बोटातली अंगठी मावशींनी खिचडीचं तेल लावून काढली. पोरांनी माझ्या हाताला फळ्यावरची लाकडी पट्टी लावली आणि मावशींच्या ओढणीनं बांधली. दुसरा भाग, ज्याला ती जांभया देत होती, तो त्यांना पाठ होता. मी मात्र आपला "हळू बांध, घट्ट बांधू नको, वरून बांध" अशा सूचना देत होतो. मास्तरकी मरेपर्यंत जात नाही, ती अशी.

एकशे आठला फोन लावला तर गाडी दुसरीकडे गेलेली. मग पोरं नायकांकडे पळाली. नायक म्हणजे तांड्याचे प्रमुख, वयानं सत्तरीचे, पण त्यांच्याकडे माल वाहायचा पिकअप होता आणि ते तो अजून स्वतः चालवत. मला मागं गोणपाटावर निजवलं. मावशी पायाशी, पूजा डोक्याशी. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. चढली आणि बसली.

रस्त्यात एक फाटा लागतो. सरळ मानोरा, आणि डावीकडं, अगदी जवळ, त्या भागातले नामांकित बाबा. सापाचं विष उतरवतात म्हणून माणसं लांबून येतात. फाटा दिसला तशी नायकांनी गाडी हळू केली आणि मागं वळून मला विचारलं, "सर, काय म्हनता? जाता जाता दाखवून घेऊ का? पाच मिनिटाचं काम हाय."

आता लिहायला हसू येतं, तेव्हा आलं नाही. माझ्या पापण्या जड झाल्या होत्या, घसा बसत चालला होता आणि मला मरायचं नव्हतं. आयुष्यभर विज्ञान शिकवलेला मी म्हणालो, "घेऊ दाखवून. पाच मिनिटं तर हाय."

पूजा एकदम उभी राहिली आणि दोन्ही हातांनी टपावर बडवायला लागली. "थांबवू नका! नायकबाबा, थांबवू नका! गाडी थांबवू नका ना!" तिचा आवाज फाटला. नायक म्हाताऱ्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे, त्यांनी गाडी सरळ दामटली. मी "अगं, पण" एवढं म्हटलं. पुढं जीभ वळेना.

मानोऱ्याच्या दवाखान्यात सलाईन लागली, विषावरचं औषध सुरू झालं, आणि तिथून मला ॲम्ब्युलन्समध्ये वाशीमला हलवलं. पुढचं मला नीट आठवत नाही. श्वास कमी पडत गेला, नळी घातली, बायकोचा आवाज कुठून तरी लांबून येत होता एवढंच. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मोटारसायकलवर आले असते तर रस्त्यातच पडले असते. कुठं थांबले असते तर आम्हाला काही करता आलं नसतं. कोणी शिकवलं हो तुमच्या लोकांना?" मी नळी काढल्यावरच्या घोगऱ्या आवाजात, मोठ्या विनयानं सांगितलं, "आमचा एक व्हिडिओ आहे."

झालं. बातमी माझ्याआधी मानोऱ्यात पोचली. व्हिडिओ मोबाईलमोबाईलवर फिरला. शिक्षकांच्या बैठकीत मला नारळ मिळाला. बाबांकडे जायला मी हो म्हटलं तेवढं मी गाळत असे, आणि चाबीचा भागही जरा आटोपता घेत असे. लोक म्हणत, व्हिडिओची ताकद पाहा. मीही म्हणे, पाहा. मला मनापासून तसंच वाटत होतं. काही महिन्यांनी मी निवृत्त होणार होतो आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत आपण केलेली एक गोष्ट खरोखर लागू पडली, याचा आनंद मी कोणाला सांगू अन् कोणाला नको असं झालं होतं.

केंद्रप्रमुखांनी सुचवलं की या यशाचाच एक छोटा व्हिडिओ करा, इतर शाळांना दाखवू. मी लगेच बांबूचा स्टँड काढला. पूजाला मावशींनी तेल लावून दोन वेण्या घालून दिल्या. तिला फळ्यापुढं उभं केलं. तिचे संवाद मीच रचले होते : 'आमच्या सरांचा व्हिडिओ पाहून मला समजले की सर्पदंश झाल्यावर घाबरू नये. म्हणून मी सरांचे प्राण वाचवू शकले.' तिची दोन्ही वाक्यं पाठ झाली होती. मी बटण दाबलं, बोटानं खूण केली.

ती खाली पाहायला लागली.

"म्हण ना, बाई. आमच्या सरांचा व्हिडिओ पाहून..."

"सर, थे नाही म्हनत."

"काहून?"

"व्हिडिओ तर साऱ्यायनंच पाह्यला होता."

मला तेव्हाही कळलं नाही. मी म्हटलं, "हो, पण त्यातनं तुलेच समजलं ना? तेच सांगायचं."

ती खाली पाहत पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होती. मग म्हणाली, "माया दादाले चावला होता. तिकडं, ऊसतोडीले. उसाच्या पाल्याच्या कोपीत निजला होता दादा. मंग मुकादमानं गाडी आणली. मी मांगच बसली होती, दादाचं डोकं माया मांडीवर होतं. रस्त्यात एक बाबा होते, तं गाडी थांबवली. लय येळ थांबवली. दादा मायाकडे पाहून राह्यला होता. मी लहान होती ना, सर. मले वाटे, म्हनावं का चला म्हनून. पन मोठे मानसं होते. म्या काहीच म्हटलं नाही."

मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांना ठाऊक होतं, साऱ्या तांड्याला ठाऊक होतं. त्या फाट्यावर नायकांनी गाडी सरळ का दामटली तेही मला आत्ता कळलं.

"म्हनून तुमच्या टायमाले म्हटलं," पूजा म्हणाली.

ती दुसरीपासून माझ्या वर्गात होती. ज्वालामुखीतून काय निघतं, बी कसं उगवतं, पाण्याची वाफ कुठं जाते, सगळं मी तिला विचारलं होतं. तिला एक भाऊ होता हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते मी पुसलं नाही. ज्या पोरीला चाबीसाठी मी नापास करण्याची धमकी दिली होती, ती माझ्यासमोर उभी होती आणि मला अजून तिच्या तोंडून माझंच नाव ऐकायचं होतं.

मी पुढं होऊन मोबाईल बंद केला. खाली फरशीवर बसलो आणि तिलाही बसवलं.

"दादाचं नाव काय होतं, पूजा?"

"आकाश," ती म्हणाली. "त्याले पोहता ये, सर. नदीत खाली जाऊन गोटा आने." आणि मग ती बोलतच राहिली.